बहुमितीय एन्टँगलमेंट प्रमाणित करताना: दोन बेसिस, सगळी घरं आणि भाजक

सात बाय सातचा तक्ता, कर्णावर सात ठळक घरं, बाकी सगळं काळं. प्रत्येक घरात जोडीतल्या एका फोटॉनचा एक आणि दुसऱ्याचा एक पर्याय एकत्र किती वेळा सापडला ती मोजणी. एवढा तक्ता दाखवून ‘सात मितींचं एन्टँगलमेंट (दोन कणांची क्वांटम गुंफण) मिळालं’ असं सेमिनारात सांगितलं जातं आणि प्रकल्पाच्या अहवालात छापलंही जातं. पण त्या तक्त्यातून सात मिती सोडाच, साधं एन्टँगलमेंटही सिद्ध होत नाही. एक ते सातपैकी एकच आकडा दोन चिठ्ठ्यांवर लिहून दोन पाकिटांत घातला आणि हे हजार वेळा केलं, तरी हाच तक्ता येतो. त्यात क्वांटम असं काहीच नाही.

सोलापुरी जॅकार्ड चादर घेताना गिऱ्हाईक ती उलटी करून बघतं, कारण समोरची नक्षी मागे रंग पालटून तशीच उमटलेली असायला हवी. इथेही उलटी बाजू बघायची असते. ती म्हणजे पहिल्याशी पूर्ण विसंगत असा दुसरा मोजणी-बेसिस (मोजताना वापरायच्या पर्यायांचा संच). दोन्ही बाजूंनी जुळणी मिळाली तरच पुढचं गणित करता येतं. खालचा क्रम त्यासाठी आहे. मांडणी एसएलएम वापरून फोटॉनच्या अवकाशीय मोडची, म्हणजे प्रकाशाच्या ठरावीक आकारांची, धरली आहे (एसएलएम म्हणजे प्रकाशाची फेज बिंदूबिंदूला बदलणारा द्रवस्फटिकी पडदा), कारण महाविद्यालयीन प्रयोगशाळेला तीच परवडते. टाइम-बिन किंवा फ्रीक्वेन्सी-बिन (वेळेचे किंवा वारंवारतेचे कप्पे) वापरणाऱ्यांना होलोग्रामच्या बाबी सोडून टप्पा ४ पासून पुढचं सगळं तसंच लागू पडतं.

## दावा नेमका कशाचा

‘मिती’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मोजणीच्या मिती: तुम्ही किती मोड निवडले. याला आपण डी म्हणू. हा आकडा तुम्ही ठरवता, निसर्ग नाही.

एन्टँगलमेंटच्या मिती: मिळालेली अवस्था समजावून सांगायला किमान किती मोडची गुंफण लागतेच लागते. हा श्मिट अंक. प्रमाणित करायचा तो हा.

कसोटी अशी. डी मितींच्या पूर्ण गुंफलेल्या आदर्श अवस्थेशी तुमच्या अवस्थेची फिडेलिटी काढा, म्हणजे दोन्ही किती मिळत्याजुळत्या आहेत तो ० ते १ मधला आकडा. श्मिट अंक के किंवा त्याहून कमी असलेल्या कुठल्याही अवस्थेची ही फिडेलिटी के/डी च्या वर जाऊ शकत नाही. म्हणून फिडेलिटी के/डी हून जास्त निघाली, तर श्मिट अंक किमान के + १. डी = ७ साठी उंबरठे असे: ०.१४३, ०.२८६, ०.४२९, ०.५७१, ०.७१४, ०.८५७. शेवटचा उंबरठा ओलांडला तरच ‘सात’ म्हणता येतं.

फिडेलिटी थेट मोजायची तर संपूर्ण टोमोग्राफी, म्हणजे अवस्थेचं सर्व बाजूंनी मोजमाप, लागते. एका वेळी एकच मोड निवडणाऱ्या मांडणीत सर्व आठ बेसिस दोन्ही बाजूंना लावले, तर डी = ७ ला ५६ × ५६ म्हणजे ३,१३६ मोजण्या होतात. प्रत्येकी २० सेकंद धरले तरी साडेसतरा तास लागतात. दोन बेसिसच्या पद्धतीत ९८ मोजण्या पुरतात, म्हणजे साधारण ३३ मिनिटं. या पद्धतीत फिडेलिटीची खालची मर्यादा मिळते. दावा करायला तेवढी पुरते.

## तयारी: खोली, वीज, धूळ

लेसर कुठला घ्यायचा यावर आठवडे जातात आणि खोलीचा विचार शेवटी होतो. सोलापुरात तो आधी करावा लागतो.

तापमान. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४० अंशांच्या वर पारा असतो. फोटॉन-जोड्या बनवणाऱ्या स्फटिकाचा ओव्हन फक्त तापवणारा असेल आणि त्याचं ठरलेलं तापमान ३५ अंश असेल, तर एसी बंद पडल्यावर तो ओव्हन काहीही करू शकत नाही. त्याला थंड करता येत नाही. स्फटिक खोलीबरोबर तापत जातो, दोन फोटॉनच्या तरंगलांबी एकमेकींपासून सरकतात आणि मोजणी हळूहळू उतरते. कंट्रोलरचा दिवा मात्र हिरवाच दिसत राहतो. त्यामुळे मागणी नोंदवतानाच ५० अंशांच्या आसपास फेज-मॅचिंग (हव्या त्या जोड्या बनण्याची अट) होणारा स्फटिक मागा, किंवा तापवणारा-थंड करणारा पेल्टिअर ओव्हन घ्या. तापमान ±०.१ अंशात टिकायला हवं.

एसीचा झोत. झोत टेबलावर पडला की कॉम्प्रेसर चालू-बंद होण्याच्या तालावर फायबरमधली मोजणी वरखाली होते. झोत भिंतीकडे वळवा आणि टेबलाला चारही बाजूंनी पेटीसारखं आवरण करा. चाटी गल्लीत मिळणारं जाड काळं कापड दुहेरी लावलं तर प्रकाशही अडतो आणि हवाही. मात्र कापडाच्या कडा शिवून घ्या. सुटे धागे आरशावर जाऊन बसतात.

तंतू. यंत्रमागांच्या परिसरात, विशेषतः अक्कलकोट रोडच्या बाजूला, हवेत सुती तंतू असतातच. एसएलएमवर पडलेला एक तंतू होलोग्रामच्या (मोड निवडायला एसएलएमवर दाखवलेल्या नक्षीच्या) मधोमध आला की कमी क्रमांकाचे मोड बिघडतात आणि जास्त क्रमांकाचे ठीक दिसतात. एसएलएमचा पृष्ठभाग कापडाने पुसू नका. हाताने दाबायच्या हवेच्या फुग्याने झटका.

वीज. लेसर, ओव्हन, एसएलएम, डिटेक्टर आणि संगणक या पाचही गोष्टी ऑनलाइन यूपीएसवर हव्यात. लेसरला वेगळा स्टॅबिलायझर आणि बाकीचं थेट भिंतीवर, ही काटकसर महागात पडते. वीज गेली की ती फाइल तिथेच बंद करा. वीज परत आल्यावर पुढची घरं त्याच तक्त्यात भरू नका, कारण अर्धा तक्ता थंड लेसरचा आणि अर्धा गरम लेसरचा होतो.

> धोका: ४०५ नॅनोमीटरचा ५० मिलिवॉट लेसर ३-बी वर्गातला आहे. डोळ्यांना तो त्याच्या खऱ्या शक्तीपेक्षा मंद भासतो. त्या तरंगलांबीचा चष्मा घातल्याशिवाय जुळवणी नाही. आणि डिटेक्टर चालू असताना खोलीतला दिवा लावायचा नाही. स्विचवर पट्टी चिकटवा.

## टप्पा १: मिती आणि लक्ष्य आधी कागदावर

मोजणीपूर्वी वहीत तीन गोष्टी तारखेसह लिहा: डी किती, कुठले मोड, आणि कुठल्या आदर्श अवस्थेशी तुलना करणार.

सुरुवात डी = ५ किंवा ७ ने करा. कक्षीय कोनीय संवेगाचे मोड (फेज किरणाभोवती किती फेरे घेते त्यावरून क्रमांक) असतील तर −३ ते +३ हे सात मोड. दोनच बेसिस वापरायचे असतील तर डी मूळसंख्या असायची गरज नाही. दुसरा बेसिस फूरियर पद्धतीचा असतो आणि तो कुठल्याही डी साठी बनतो. पुढे तिसरा-चौथा बेसिस लावायची इच्छा असेल, तर मूळसंख्या सोयीची पडते.

लक्ष्य आधी लिहायचं कारण सरळ आहे. आलेल्या आकड्यांवर बसेल अशी लक्ष्य-अवस्था नंतर शोधली, तर फिडेलिटी फुगते. फेजची दुरुस्ती करणं गैर नाही, कारण एका बाजूच्या मोडना फेज दिल्याने श्मिट अंक बदलत नाही. पण ती दुरुस्ती वेगळ्या, आधीच्या मोजणीवरून ठरवा आणि मग गोठवा.

## टप्पा २: स्रोत

नेहमीची मांडणी: ४०५ नॅनोमीटर पंप (स्फटिकात सोडायचा लेसर), टाइप-दोन पीपीकेटीपी स्फटिक, त्यातून ८१० नॅनोमीटरच्या आडव्या-उभ्या ध्रुवणाच्या फोटॉन-जोड्या, मग ध्रुवण-विभाजकाने दोन वाटा. एसएलएम एकाच ध्रुवणावर काम करतो. म्हणून एका वाटेत अर्ध-तरंग पट्टी घालून ध्रुवण फिरवून घ्यावं लागतं. ती राहिली तर त्या बाजूचा होलोग्राम कसाही बदला, मोजणीवर काही परिणाम होत नाही.

जास्त मोड हवे असतील तर पंपाचा ठिपका रुंद आणि स्फटिक आखूड ठेवा. पाच मिलिमीटरपासून सुरुवात ठीक. लांब स्फटिकाने जोड्या वाढतात पण मोड कमी होतात, आणि नवशिका गट नेमका इथे फसतो. एकूण मोजणी भरपूर दिसते, पण ±३ चे मोड जवळपास रिकामे असतात.

पंप पूर्ण गाळा. लाँग-पास फिल्टर एक नाही, दोन लावा. त्यानंतर ८१० चा ३ ते १० नॅनोमीटर रुंदीचा बँडपास.

## टप्पा ३: होलोग्रामची जुळवणी

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

१. एका बाजूच्या फायबरमधून ८१० नॅनोमीटरचा साधा लेसर उलटा सोडा. तो एसएलएमवरून स्फटिकावर यायला हवा, नेमका पंपाच्या ठिपक्यावर. दुसऱ्या बाजूनेही तेच करा. दोन्ही ठिपके स्फटिकात एकमेकांवर बसले की अर्धं काम झालं.

२. एसएलएमला ८१० साठी कॅलिब्रेट करा, म्हणजे कुठल्या ग्रे-पातळीला पूर्ण एक फेरा फेज मिळते ते पाहा. द्रवस्फटिक तापमानाला संवेदनशील असतो. जानेवारीतलं कॅलिब्रेशन मे महिन्यात चालत नाही.

३. फक्त फेजचा होलोग्राम वापरू नका. सुपरपोझिशन मोजायला फेज आणि तीव्रता दोन्ही कोरलेला होलोग्राम लागतो. फक्त-फेज होलोग्रामने पहिला बेसिस छान दिसतो. दुसऱ्या बेसिसमध्ये मात्र एकमेकांशी काटकोनात असायला हवेत ते मोड तसे राहत नाहीत. ही चूक सर्वांत जास्त वेळा होते आणि सर्वांत उशिरा लक्षात येते.

४. केंद्र शोधा. एका बाजूला ० आणि दुसऱ्या बाजूला +१ मोड लावून होलोग्रामचं केंद्र आडवं-उभं एक-दोन पिक्सेलने सरकवत न्या. कोइन्सिडन्स (दोन्ही डिटेक्टरना एकाच वेळी मिळालेले फोटॉन) सर्वांत कमी होतील ते खरं केंद्र. मग −१ ने पुन्हा बघा. दोन्हींचं केंद्र वेगळं आलं तर किरण एसएलएमवर तिरका येतोय.

५. बाजू ओळखा. साध्या पंपातून येणाऱ्या जोडीत एकाचा संवेग +३ असेल तर दुसऱ्याचा −३. पण वाटेत प्रत्येक आरसा चिन्ह उलटवतो, एसएलएमही. आरसे मोजत बसण्यापेक्षा मोजून बघा आणि दुसऱ्या बाजूच्या मोडना त्यानुसार नावं द्या, म्हणजे ठळक घरं कर्णावर येतील.

> तपासणी: होलोग्राम बदलल्यावर किमान २०० मिलिसेकंद थांबून मग मोजणी सुरू होते का? नसेल तर आधीच्या होलोग्रामचा अंश पुढच्या घरात गळतो. घरं ओळीने मोजताना कर्णाशेजारच्या एकाच बाजूची घरं उजळलेली दिसली, तर संशय आधी इथे घ्या.

## टप्पा ४: पहिला बेसिस, सगळी घरं

डी = ७ असेल तर ४९ घरं. सगळी. कर्णाबाहेरची घरं ‘शून्यच येणार’ म्हणून सोडून दिली तर तो प्रयोग प्रमाणपत्राच्या लायकीचा उरत नाही, कारण जुळणी म्हणजे

कर्णावरच्या मोजण्यांची बेरीज ÷ सर्व घरांच्या मोजण्यांची बेरीज

आणि भाजक मोजला नसेल तर तो तुम्ही गृहीत धरलेला असतो. दावा किती खरा ते भाजकावरच ठरतं.

घरांचा क्रम यादृच्छिक ठेवा. डावीकडून उजवीकडे मोजत गेलं तर लेसरची घसरण तक्त्यात उतार बनून बसते आणि तो उतार निसर्गाचा वाटतो. दर दहा घरांनंतर एकच ठरलेलं घर, म्हणजे दोन्ही बाजूंना ० मोड, पुन्हा मोजा. त्या घराची मोजणी सुरुवातीपासून पाच टक्क्यांहून जास्त सरकली तर थांबा, कारण शोधा आणि पहिल्यापासून घ्या.

कर्णावरची घरं सारखी उजळ नसतील. ० चा मोड नेहमी जास्त, ±३ चे कमी. याची भीती गरजेपेक्षा जास्त बाळगली जाते. समजा पाच मोडचा वाटा ०.३०, ०.२५, ०.१५, ०.१५, ०.१५ असा आहे. यांची वर्गमुळं घेऊन बेरीज करा (२.२१), वर्ग करा, पाचने भागा: ०.९७६. म्हणजे एवढ्या असमानतेने आदर्श फिडेलिटी फक्त अडीच टक्क्यांच्या आसपास कमी होते. आधी हा हिशेब करा. तोटा दहा टक्क्यांच्या पुढे असेल तरच असमान लक्ष्य-अवस्था आणि तिच्यासाठी ‘कललेला’ दुसरा बेसिस घ्या. त्या कललेल्या बेसिसचे मोड एकमेकांशी काटकोनात नसतात, म्हणून तिथे सर्व घरांची बेरीज १ धरून भागणं चूक आहे. ती बेरीज पहिल्या बेसिसच्या आकड्यांवरून काढावी लागते. पहिल्या प्रयोगाला हा रस्ता धरू नका.

## टप्पा ५: दुसरा बेसिस

दुसऱ्या बेसिसचा प्रत्येक मोड म्हणजे सर्व डी मोडचं समान मिश्रण. त्यात एम क्रमांकाच्या मोडला जे × एम × (३६० ÷ डी) अंश एवढी फेज मिळते, आणि जे हा त्या नव्या मोडचा क्रमांक. डी = ७ ला पायरी ५१.४ अंशांची.

एका बाजूला हा मोड जसाच्या तसा आणि दुसऱ्या बाजूला त्याचा कॉन्जुगेट, म्हणजे सगळ्या फेजची चिन्हं उलटी. पुन्हा ४९ घरं, तीच वेळ, तीच पंप-शक्ती.

आता तक्ता वाचायला शिका. बहुतेक बिघाड इथे आपलं नाव सांगतात.

ठळक पट्टा उलट्या दिशेने गेलाय आणि फक्त (०, ०) घर जागेवर आहे: कॉन्जुगेट राहिला.

पट्टा कर्णाला समांतर पण एक-दोन घरं सरकलेला: मोडच्या क्रमांकाबरोबर सरळ वाढणारी जादा फेज आहे. संवेगाच्या मोडमध्ये एका होलोग्रामच्या शून्य-कोनाची दिशा दुसऱ्याशी जुळत नाही, असा त्याचा अर्थ. ५१.४ अंशांचा फरक म्हणजे बरोबर एक घर. २५ अंशांच्या आसपास फरक असेल तर पट्टा दोन शेजारच्या पट्ट्यांत अर्धा-अर्धा फाटतो आणि ‘एन्टँगलमेंट निम्मं गेलं’ असं वाटतं. होलोग्राम फिरवा, परत येतं.

पट्टा फुगलेला, तीन-चार घरं रुंद: फोकस चुकलाय. संवेगाच्या मोडमध्ये गूई फेज (किरण फोकसमधून जाताना वेगवेगळ्या मोडना वेगळी मिळणारी फेज) शिल्लक आहे. लेन्स सरकवून किंवा एका होलोग्राममध्ये प्रत्येक मोडला उलट फेज देऊन काढा. आधी लेन्स.

पट्टा जागेवर, बारीक, पण सगळीकडे सारखी धूसर पार्श्वभूमी: टप्पा ६ कडे जा.

> तपासणी: दोन्ही बेसिसमध्ये सर्व ४९ घरांची एकूण बेरीज घ्या. दोन्ही बेरजा जवळपास सारख्या हव्यात. दुसऱ्या बेसिसची बेरीज निम्मीच आली तर दोन्ही बेसिसमध्ये होलोग्रामची कार्यक्षमता वेगळी आहे. म्हणजे दोन वेगळ्या चाळण्यांतून तुम्ही दोन वेगळ्या अवस्था बघताय. तीव्रता कोरण्याची पट्टी दोन्ही बेसिसना एकच ठेवा. प्रत्येक होलोग्राम आपापल्या कमाल तीव्रतेला ताणू नका.

## टप्पा ६: ॲक्सिडेंटल

ॲक्सिडेंटल म्हणजे एकाच जोडीतले नसलेले दोन फोटॉन योगायोगाने एकाच वेळी पकडले जाणं. त्यांचा दर: एका बाजूचे सुटे फोटॉन × दुसऱ्या बाजूचे सुटे फोटॉन × कोइन्सिडन्सची खिडकी (किती वेळातल्या नोंदी ‘एकाच वेळी’ धरायच्या ते). दोन्हीकडे सेकंदाला २०,००० आणि खिडकी १ नॅनोसेकंद असेल तर सेकंदाला ०.४. ‘एवढ्याशाने काय होतं’ असं म्हणून पुढे जाणारे डी वाढवल्यावर तोंडावर आपटतात.

हिशेब करू. कर्णावरच्या प्रत्येक घरात सेकंदाला ६० खऱ्या जोड्या धरा आणि अवस्था अगदी निर्दोष धरा.

डी = ७: कर्णाबाहेर ४२ घरं, त्यांत मिळून १६.८. जुळणी ०.९६. दोन्ही बेसिसमध्ये तीच आली तर फिडेलिटी किमान ०.९२, म्हणजे सातही मिती सिद्ध.

डी = ३१: कर्णाबाहेर ९३० घरं, त्यांत मिळून ३७२. जुळणी ०.८३४, फिडेलिटी किमान ०.६६८. म्हणजे निर्दोष अवस्थेलाही ३१ पैकी फक्त २१ मिती सिद्ध होतात.

खिडकी अर्धा नॅनोसेकंद केली तर तेच २१ चे २६ होतात. म्हणून डी वाढवण्याआधी खिडकी किती आखडता येते ते बघा, आणि ती मर्यादा डिटेक्टरच्या जिटरवरून (वेळ नोंदवण्यातल्या अनिश्चिततेवरून) ठरते. दुसरा उपाय पंप कमी करण्याचा. खऱ्या जोड्या पंपाच्या प्रमाणात घटतात, ॲक्सिडेंटल पंपाच्या वर्गाच्या प्रमाणात. पंप निम्मा केला की गुणोत्तर दुप्पट सुधारतं, मोजणीचा वेळ मात्र दुप्पट लागतो. एसी स्थिर असेल तर रात्री घ्या.

ॲक्सिडेंटल वजा करून मिळालेला आकडा स्रोताबद्दल सांगतो, वजा न केलेला आकडा प्रयोगाबद्दल. छापताना दोन्ही द्या, पण प्रमाणपत्र वजा न केलेल्यावर. वजा केलेलाच आकडा द्यायचा असेल तर तसं त्याच वाक्यात लिहा, तळटीपेत नाही.

## टप्पा ७: गणित

सोपं सूत्र:

फिडेलिटी ≥ पहिल्या बेसिसची जुळणी + दुसऱ्या बेसिसची जुळणी − १

समजा डी = ७, जुळण्या ०.९३ आणि ०.८८. फिडेलिटी किमान ०.८१. के = ५ चा उंबरठा ०.७१४ ओलांडला, के = ६ चा ०.८५७ नाही. श्मिट अंक किमान ६.

याहून घट्ट मर्यादा देणारं लांब सूत्र २०१८ साली बावारेस्को आणि सहकाऱ्यांनी नेचर फिजिक्समध्ये मांडलं. त्यात पहिल्या तक्त्यातल्या कर्णाबाहेरच्या घरांच्या जोड्या घेऊन त्यांच्या गुणाकाराची वर्गमुळं वजा करायची असतात. जोडीतली दोन्ही घरं कर्णाला समांतर अशा एकाच पट्ट्यातली हवीत. पट्टा तक्त्याच्या कडेला संपला की दुसऱ्या कडेने पुढे चालू होतो, म्हणजे क्रमांक डी च्या शेषाने मोजायचे. हा शेष विसरला की सूत्र खोटं-चांगलं उत्तर देतं.

लांब सूत्राचा फायदा कधी होतो हे फार कमी लोक तपासतात. पट्ट्यातला गोंगाट सगळ्या घरांत सारखा पसरलेला असेल, उदाहरणार्थ निव्वळ ॲक्सिडेंटल, तर लांब आणि सोपं सूत्र एकच उत्तर देतात. काडीचाही फरक नाही. गोंगाट मोजक्या घरांत साठलेला असेल तरच लांब सूत्र जास्त देतं. म्हणजे ॲक्सिडेंटलने भरलेल्या तक्त्याला लांब सूत्र वाचवू शकत नाही. परत टप्पा ६.

> तपासणी: प्रोग्रॅमला चार खोटे तक्ते द्या.
> आदर्श अवस्था: फिडेलिटी १ यायला हवी.
> पाकिटातल्या चिठ्ठ्यांसारखी अवस्था (पहिली जुळणी १, दुसरी १/डी): श्मिट अंक १ यायला हवा. २ आला तर उंबरठ्याच्या तुलनेत ‘जास्त’ ऐवजी ‘जास्त किंवा समान’ लिहिलंय.
> सगळी घरं सारखी: ऋण आकडा येईल, तो बरोबर आहे. अर्थ एवढाच की काही सिद्ध होत नाही.
> कुठलाही यादृच्छिक तक्ता: लांब सूत्राचं उत्तर सोप्या सूत्राहून कमी कधीच येता कामा नये. आलं तर कोडमध्ये चूक आहे, भौतिकशास्त्रात नाही.

## टप्पा ८: चूक-मर्यादा

मोजण्या पॉयसाँ वाटणीच्या धरून किमान हजार वेळा कृत्रिम तक्ते तयार करा आणि प्रत्येकाची फिडेलिटी काढा. त्या उत्तरांचं प्रमाण-विचलन ही तुमची चूक-मर्यादा. उंबरठा किमान तीन प्रमाण-विचलनांनी ओलांडलेला असावा.

इथला सापळा रिकाम्या घरांचा. मोजणी ० आली की कृत्रिम तक्त्यातही दर वेळी ०च येते आणि त्या घराची चूक शून्य धरली जाते. वीस सेकंदांत काही आलं नाही याचा अर्थ तिथे काही नाही असा होत नाही. ९५ टक्के खात्रीने ० ची वरची मर्यादा ३ मोजण्यांची आहे. लांब सूत्रात ही घरं वर्गमुळाखाली जात असल्याने फरक ठळक पडतो. रिकाम्या घरांत ३ टाकून एकदा उत्तर काढा. त्यानेही उंबरठा टिकला तर निर्धास्त राहा.

दुसरा सापळा हावेचा. कर्णावर प्रत्येक घरात १,२०० मोजण्या, दोन्ही जुळण्या ०.९३. फिडेलिटी किमान ०.८६०, उंबरठा ०.८५७. ओलांडला? चूक-मर्यादा ०.००४ आहे. नाही ओलांडला. तीन विचलनांची खात्री हवी तर सोळापट मोजणी लागेल, म्हणजे ३३ मिनिटांचे जवळपास नऊ तास, आणि नऊ तासांत सोलापुरातली खोली तशीच राहील याची हमी कोण देणार? त्यापेक्षा टप्पा ३ ला परत जा आणि जुळणी दोन टक्क्यांनी वाढवा. किंवा सरळ ‘किमान ६’ लिहा.

## टप्पा ९: दावा लिहिणं

वाक्य असं असावं: ‘डी = ७ मोडच्या जागेत, दोन परस्पर-विसंगत बेसिसमध्ये सर्व ९८ घरं मोजून, ॲक्सिडेंटल वजा न करता, फिडेलिटी किमान ०.८१ ± ०.००४, श्मिट अंक किमान ६.’

त्याखाली गृहीतकं. मोजणीची उपकरणं सांगितलेले मोडच मोजतात असं धरलं आहे. न पकडलेले फोटॉन पकडलेल्यांसारखेच होते असं धरलं आहे. सर्व मोडची पकडण्याची कार्यक्षमता समान आहे, किंवा नसल्यास किती असमान आहे ते. ही पद्धत उपकरण-निरपेक्ष (उपकरणांवर भरवसा न ठेवता सिद्ध करणारी) नाही, तेव्हा तो शब्द वापरू नका.

पहिल्या बेसिसच्या वाटणीवरून काढलेली ‘परिणामी मोडसंख्या’ वेगळ्या ओळीत द्या. ती स्रोताची क्षमता सुचवते, सिद्ध काही करत नाही. आपल्या आकड्याची तुलना दुसऱ्यांच्या आकड्याशी करतानाही डी आणि श्मिट अंक दोन्ही ठेवा. २०१८ च्या त्याच कामात ११ मोडच्या जागेत ९ मिती प्रमाणित झाल्या होत्या. २०२० मध्ये पिक्सेल-मोड वापरून ९७ च्या जागेत ५५. ‘९७ मितींचं एन्टँगलमेंट’ असा दावा तिथे कुणी केलेला नाही.

कच्च्या नोंदी, म्हणजे दोन्ही डिटेक्टरचे वेळ-शिक्के, घरनिहाय जपून ठेवा. परीक्षकाने खिडकी अर्धी करून बघा म्हटलं तर तक्ता पुन्हा मोजावा लागणार नाही, फक्त पुन्हा गाळावा लागेल. बेरजाच साठवलेल्या असतील तर तेव्हा खोलीतलं तापमान किती असेल त्यावर सगळं अवलंबून.